अर्धी गोष्ट सांगणाऱ्या मावशी

व्हिडिओची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण शाळेत सगळे म्हणायचे, हेडमास्तरांनी काढलं, आणि मी तेव्हा गप्प बसायची. कौतुक होत होतं तोवर मनातून चुटपुट लागायची की श्रेय मला का नाही. पुढे जे झालं त्यानंतर मात्र श्रेय त्यांच्याकडेच राहिलेलं बरं वाटायला लागलं. असा माझा स्वभाव.

तिसगावच्या पुढे आतल्या रस्त्याला आमचं हायस्कूल होतं. मी मराठीची बाई, नगरहून बदलून आलेली. ग्रंथालयाचा कार्यभार माझ्याकडे होता, पण सहीपुरता. ग्रंथालय म्हणजे स्टाफरूमला लागून एक खोली, तीन लोखंडी कपाटं आणि एक डुगडुगतं टेबल. कपाटांच्या किल्ल्या शाळेच्या शिपाई मावशींच्या कमरेला. नवरा शाळेत शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या. तेव्हा पन्नाशीच्या असतील. शिक्षण सातवी. घंटा त्या द्यायच्या, पाणी त्या भरायच्या आणि पुस्तकंही त्याच द्यायच्या.

मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मावशी त्या खोलीच्या पायरीवर बसायच्या आणि भोवती पोरं जमायची. कपाटातल्याच एखाद्या पुस्तकातली गोष्ट त्या सांगायला घ्यायच्या आणि ऐन रंगात आली की थांबायच्या.

"चोर इहिरीत उतारला. आत अंधार, पानी मांडीएवढं. आन् वरनं कुनीतरी दोर कापला." एवढं बोलून त्या लुगड्याचा ओचा झटकून उठायच्या.

"मावशी, मंग?"

"मंग काय? मला घंटा द्यायची हाय. दुसऱ्या कपाटात हिरवं पुस्तक हाय, त्याला इचारा."

त्या हिरव्या पुस्तकासाठी मग झोंबाझोंबी. एकाने नेलं की बाकीचे त्याच्या मागे. ज्या पोरांना मी वर्गात एक परिच्छेद वाचायला उभं केलं की घाम फुटायचा, ती पोरं त्या विहिरीतल्या चोरासाठी शंभर पानं वाचून यायची.

ही युक्ती कुठली, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, वडलांची. त्यांच्या वस्तीत वाचता येणारे ते एकटेच. संध्याकाळी बुद्धविहारात सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचे, पण अर्धीच बातमी. "उरल्याली ज्याला पायजे त्यानं शिकावं आन् वाचावी," असं म्हणून पेपर सतरंजीवर ठेवून द्यायचे. माणसं चिडायची, बायका बोटं मोडायच्या, पण त्या चिडीतूनच काही जण वाचायला शिकले. मावशी त्यांतल्याच एक. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी पुढचा उद्योग केला, म्हणून तो जास्त लागतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर दिला. त्याच सुमारास राहुरीला शाळांच्या शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरणार असल्याचं पत्र आलं. बाकीच्या शाळा थर्माकोलचे ज्वालामुखी नेणार हे ठरलेलंच. मी म्हटलं, आपण आपल्या ग्रंथालयाची व्हिडिओ कॅसेट करू. पोरं पुस्तकं कशी वाचतात ते जिल्ह्याला दिसू दे. हेडमास्तर खूश झाले.

शेवगावहून लग्नाचं शूटिंग करणारा एक फोटोवाला बोलावला. लग्नसराई नव्हती, म्हणून आला. खांद्यावर तो भला मोठा कॅमेरा, सोबत डोळे दिपवणारा दिवा. गडी कामाचा होता, पण त्याचा हात लग्नातच बसलेला. पुढे कॅसेट तयार होऊन आली तेव्हा पुस्तकांच्या कपाटावर बदामाचा आकार उमटला आणि त्यातून आमचे हेडमास्तर हळूहळू प्रकट झाले. स्टाफरूममध्ये हसून हसून पोट दुखलं.

शूटिंगच्या दिवशी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. केस चापून बसवलेले. पायरीवर बसल्या, पोरं बसली, दिवा लागला. त्यांनी विहिरीतल्या चोराचीच गोष्ट धरली, आणि पहिल्या वाक्याला मी हात वर केला.

"मावशी, इहीर नाही, विहीर म्हणा."

मला अशुद्ध कानावर पडलं की भातात खडा लागल्यासारखं होतं. वर्गात ठीक आहे, माझा पगारच त्याचा. पण ती पायरी काही माझा वर्ग नव्हती. त्यांनी पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा थांबवलं. पाणी म्हणा. आहे म्हणा. विचारा म्हणा. चार वेळा झालं. चौथ्या वेळेला त्या प्रत्येक शब्दाआधी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या आणि चोर काही विहिरीत उतरेना. फोटोवाला म्हणाला, "बाई, बॅटरी उतरायली."

तेव्हा मी जे म्हणाले ते शब्दाला शब्द आठवतं. "राहू द्या मावशी. तुम्ही नुसतं पुस्तक हातात द्या. बोलेल ती." ती म्हणजे नववीतली एक मुलगी, वक्तृत्वात बक्षिसं आणणारी.

मावशी म्हणाल्या, "व्हय बाई, तसंच बरं." आणि उठून बाजूला झाल्या. राग नाही की लोभ नाही. त्या चिडल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

त्या मुलीला मी गोष्ट लिहून दिली. तीही पूर्ण, कारण हेडमास्तर म्हणाले, "अर्धीच दाखवली तर साहेबांना वाटेल, कॅसेट तुटली." शेवटी तात्पर्यसुद्धा घातलं: चोरी करणे हे पाप आहे. मुलगी घडाघडा बोलली. कॅसेटमध्ये मावशींचे दोन हात आणि एक हिरवं पुस्तक आलं.

राहुरीला कॅसेटचं फार कौतुक झालं. प्रशस्तिपत्रक मिळालं, ते ऑफिसात लागलं. मग काय, दर शनिवारी एकेका वर्गाला ती कॅसेट दाखवायची असा फतवाच निघाला. पोरांना टीव्हीची हौस, ती आनंदाने बसायची. पाहुणे आले की कॅसेट. पालकसभा असली की कॅसेट. मी मागे उभी राहून स्वतःच लिहिलेली वाक्यं ऐकायची आणि मान डोलवायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी स्वतः दावणीला बांधून कौतुकानं बघत होते.

पायरीवरच्या गोष्टी बंद झाल्या हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दिवाळीनंतर पुस्तकांच्या वहीवर सही करायला घेतली तेव्हा कळलं. पूर्वी एका महिन्यात पानंच्या पानं भरायची. आता सगळ्या महिन्याच्या नोंदी अर्ध्या पानात. हिरवं पुस्तक कोणीच नेलेलं नव्हतं. नेईल कशाला? चोर विहिरीतून कसा निघाला ते टीव्हीवर दर शनिवारी दिसत होतं, वर तात्पर्य फुकट.

मी मावशींना गाठलं. त्या माठ धूत होत्या. म्हटलं, "मावशी, मधल्या सुट्टीत पोरांना गोष्ट सांगत जा ना, पहिल्यासारखी."

त्यांनी माठ पालथा घातला, हात पुसले. "मला कुठं नीट बोलता येतंय बाई? पोरं बिघडायची."

मला रडू आलं. मी हात जोडले, म्हटलं, माझं चुकलं, तुम्ही तुमच्या पद्धतीनं सांगा. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "बघते. जरा तयारी करू द्या." तयारी कसली, हे मी विचारलं नाही. शब्द दिला, एवढ्यावर मी हुरळले.

महिन्यानं त्या पायरीवर बसल्या. मी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले. पोरं जमली. मावशींनी पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि सुरू केलं.

"एका गावात एक विहीर होती. त्या विहिरीत पाणी होते. एके दिवशी एक चोर त्या विहिरीत उतरला."

एकही चूक नव्हती. माझीच वाक्यं होती ती, त्या मुलीसाठी लिहिलेली. मावशींनी शनिवारी दाराशी उभं राहून कॅसेट ऐकून ऐकून ती पाठ केली होती. कुठे थांबल्या नाहीत. दोर कापला, चोर बाहेर आला, तात्पर्य झालं. कॅसेट संपल्यावर वाजवायची सवय झाली होती तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि ती खेळायला पळाली.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम आला होता. "बरोबर बोलले का, बाई?"

मी काय सांगणार होते? ज्या बाईनं महिनाभर खपून माझ्यासाठी एवढं केलं, तिला आता पुन्हा चूक म्हणून सांगू? तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. "अगदी बरोबर, मावशी," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. किल्ल्या सावरत त्या उठल्या, आत गेल्या आणि कपाटं उघडून पोरांची वाट बघत उभ्या राहिल्या. सुट्टी संपेपर्यंत कोणी आलं नाही.