कादिरकुलचा काढता-घालता शोधक

कादिरकुलनं तीस वर्षं वेधशाळेच्या कारखान्यात फिटरकी केली आणि निवृत्त होताना मोडीत निघालेली एक लांबलचक दुर्बीण घरी आणली. माणूस गुणी, पण हट्टी इतका की बायको त्याला सरळ ‘म्हातारं खेचर’ म्हणायची.

बायको बुरुल. तिचं काळीज थकलं होतं. डोंगर चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि समोरच्या डोंगरावर, अडीच कोसांवर, तिची थोरली बहीण उमसुन उन्हाळाभर तंबू ठोकून घोड्या दोहायची. आईच्या गालिच्यावरून दोघींचं बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली होती.

“एकदा नुसती दिसू दे रे तिला,” बुरुल म्हणायची. “पुढचा उन्हाळा कुणी बघितलाय?”

पण दुर्बिणीच्या मोठ्या नळीत डोंगराचा तळहाताएवढाच तुकडा दिसतो. आधी वरच्या छोट्या दुर्बिणीतून, म्हणजे शोधकातून, जागा हेरावी लागते. आणि शोधक काढल्याशिवाय नळी दारातून बाहेर येईना! रोज काढा, रोज लावा, रोज स्क्रू पिळत नेम जुळवा. तोवर बुरुल दमून आडवी.

“बहिणीऐवजी तुझे स्क्रूच बघत मरणार मी!”

हे मात्र त्याला झोंबलं. चार दिवस तो पितळ घासत बसला. तिरप्या कडांची खोबण, तिच्यात सरकणारी पट्टी, शेवटी स्प्रिंगची खुंटी. अंगठ्यानं दाबलं की शोधक सुटे; सरकवला की खट्! नेमात केसाचाही फरक नाही.

दुसऱ्या सकाळी बुरुलनं डोळा लावला. आभाळ बघायच्या दुर्बिणीत दिसतं तसं सगळं उलटं. आभाळ खाली तळ्यासारखं पसरलेलं, घोड्या गवताला लटकून चरतायत, चुलीचा धूर संथपणे खाली झिरपतोय.

“एजे!” थोरल्या बहिणीला मारायची हाक तिच्या तोंडून निसटली. “उलटी आहे रे.”

“सुलटी कधी होती?” कादिरकुल म्हणाला.

सलग तीन सकाळी दूध काढून झालं की उमसुन डोळ्यांवर हाताची सावली धरून उभी राहायची. खाली, थेट त्यांच्या घराकडे बघत.

“रोज बघते होय, मेली!” बुरुल रडायलाच लागली. “आणि तिला दिसतंय काय? धूळ!”

कादिरकुलनं अंगठा दाबला, शोधक खिशात टाकला आणि घोड्यावर खोगीर चढवलं. “नळी बाहेरच राहू दे. तिला हात लावशील तर बघ, नेम हलेल. उद्या सकाळी अंगणात उभी राहा.”

रात्री डोंगरावर उमसुननं त्याला जेवू घातलं, पण बुरुलचं नाव काढलं नाही. सकाळी त्यानं शोधक तिच्या हातात ठेवला आणि तिचे खांदे धरून घराच्या दिशेनं वळवले. तिनं शोधक डोळ्याला लावला.

“पांढरं काहीतरी हलतंय,” ती म्हणाली. मग एकदम ओरडली, “अहो, वेडी आहे का ती? एवढ्या गारठ्यात डोक्याचा रुमाल काढून हलवत उभी राहिलीय!”

आणि एका हातानं शोधक डोळ्याशी घट्ट धरून, दुसऱ्या हातानं ती स्वतःच्या रुमालाची गाठ सोडायला लागली.