कीर्तनाचं नाव कोणी सांगितलं

त्रिपुरसुंदरी अक्कांबद्दल लिहायचं म्हणजे आधी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला हवी. तरी लिहिते.

मी देविका, मूळची सांगलीची, पाच वर्षं चेन्नईत आहे. युरोपातल्या दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने तपासायचे, हे माझं काम. तिकडच्या गिऱ्हाइकाला म्हणे कोणाच्या हालांवर शिवलेला शर्ट अंगात नको असतो. शर्ट मात्र स्वस्तच हवा! तर मी कारखान्यात जाते, बायकांना एकेकटीला बोलावून विचारते आणि अहवाल पाठवते. माझं तमिळ रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं, म्हणून सोबत दुभाषी लागतात. त्या अक्का.

वेस्ट मांबलममध्ये राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. घराणं तंजावरच्या मराठी लोकांचं, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच फुटलं होतं. शब्द जुन्या दप्तरातले आणि चाल तमिळ! "आतां बोलायला उरलंय कोण ग?" त्या म्हणायच्या. "आमच्या लेकीला, विद्यालक्ष्मीला देखील तमिळच सोपं." मराठी बोलणारं माणूस भेटलं की बाई लोण्यासारख्या वितळायच्या.

कामात मात्र भयंकर कडक. कारखान्यात पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत, कॉफीचा फ्लास्क घरून आणायच्या. मॅनेजर लोकांशी हवापाण्याच्या गप्पाही बंद. बायकांना आम्ही कार्ड देतो, त्यावर ऑफिसचा नंबर असतो. तिथे फोन केला की कोणीतरी इंग्रजीत गोड गोड बोलतं. अक्का त्याखाली पेनाने आपला मोबाइल नंबर लिहून द्यायच्या.

गेल्या वर्षी आम्ही गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात गेलो. बारा जणींना विचारलं. अकरा जणी पढवल्यासारखं बोलल्या, सगळं छान आहे. बारावी कीर्तना, बावीस-तेवीस वर्षांची. तिने सांगितलं, चाळीस जणींच्या लाइनीला संडासला जायची टोकनं दोनच. म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीच्या आजाराने कण्हतात. आज तुम्ही येणार म्हणून टोकनं कपाटात ठेवलीत. एवढं बोलून तिने विचारलं, "माझं नाव बाहेर जाणार नाही ना?" अक्कांनी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं, नाही जाणार.

निघताना तिथले एचआर मॅनेजर आले, जनकोजी राव. अक्का माझ्याशी मराठीत बोलत होत्या ते ऐकून गडी जागीच थांबला. "अय्यो, तुम्ही आमचेच कीं!" तेही तंजावरचे निघाले. मग काय विचारता! कोणाची मुलगी, कोणत्या गल्लीतलं घर, कोणाकडे कोण दिलेली. त्यांनी डबा उघडला. बायकोने केलेली डांगर पच्चडी होती, उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली. अक्कांनी खाल्ली. मीही खाल्ली, बोटं चाटून.

"आमच्या पोरी नीट बोलल्या का?" जनकोजीरावांनी सहज विचारलं.

"ती कीर्तना किती धीट हो!" अक्का खुशीत होत्या. "खरं असेल तें तोंडावर सांगते. अशा पोरीला संभाळा."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते असं. बाईंना वाटलं, आपण पोरीची शिफारस करतोय. आणि "अक्का, पुरे" असं म्हणायची जिची नोकरीच होती, ती मी दुसऱ्यांदा पच्चडी वाढून घेत होते.

नवव्या दिवशी कीर्तनाचा अक्कांना फोन आला. शिलाई वाईट म्हणून तिला काढलं होतं. "माझं नाव कोणी सांगितलं?" एवढंच तिला विचारायचं होतं. मी असते तर कानावर हात ठेवले असते. अक्का म्हणाल्या, "मी सांगितलं. मजकडून चूक झाली."

मग त्या अण्णा नगरला माझ्या ऑफिसात आल्या. "अहवालात लिही, नाव मजकडून फुटलं." मी त्यांना समजावत बसले. आपल्या दोघींचं काम जाईल, ऑफिसचं नाव जाईल, मी त्या पोरीला दुसरीकडे चिकटवते. कुठलं चिकटवतेय! एक फोन केला नाही. टोकनांपुढे मी लिहिलं, "सुधारणेला वाव आहे," आणि अहवाल पाठवून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी अक्का एकट्या गाडीने गुम्मिडिपूंडीला गेल्या. जनकोजीराव गेटवर आले. ह्या मराठीत विनवत होत्या, ते इंग्रजीत उत्तरं देत होते. मॅडम, हा कंपनीचा प्रश्न आहे, म्हणाले आणि आत निघून गेले.

अक्कांनी घरी येऊन त्या युरोपच्या कंपनीलाच पत्र लिहिलं. एक पान. त्यात दोषी एकच, त्या स्वतः. चौकशी लागली. कारखान्याने कीर्तनाला परत घेतलं. आमच्या ऑफिसने अक्कांचं नाव दुभाष्यांच्या यादीतून कायमचं कापलं. आणि मला चौकशीवाल्यांचा मेल आला, नाव फुटलं त्या वेळी तुम्ही तिथे होतात का?

अक्कांच्या पत्रात माझं नावच नव्हतं. मी तो मेल तीनदा वाचला. मग लिहिलं, "नाही. मी गाडीत कागद ठेवत होते."

त्या रात्री मला झोप आली नाही, असं खोटं लिहायलाही लाज वाटते, कारण झोप छान लागली. चार दिवसांनी मात्र राहवेना. मी अक्कांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शिव्या द्याव्यात अशी फार इच्छा होती.

"ठाऊक आहे ग," त्या म्हणाल्या. "कीर्तनाला मी सगळं खरं सांगितलं होतं. तूं तिथे होतीस तेंही."

मी विचारलं, "चौकशीवाल्यांनी तिला विचारलं असेल ना?"

"विचारलं कीं. तिने नाही घेतलं तुझं नाव. म्हणाली, त्या मॅडमची पण नोकरी कशाला घालवायची?"

मी घाईघाईने तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.