शून्याच्या जागचा आकडा

कुमुदताई संगणकासमोर डोळे मिटून बसायच्या. उजवा तळहात टेबलावर आडवा ठेवून मनातल्या मनात प्रोग्राम चालवायच्या. प्रोग्रामच्या एका तुकड्यानं, म्हणजे फंक्शननं, दुसऱ्याला बोलावलं की हात चार बोटं वर, ते काम संपवून परतलं की खाली. जळगावच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी नवा होतो, तेव्हा मला वाटलं, बाई जप करताहेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अमळनेरला बरीच वर्षं गणित शिकवून, चाळिशी उलटल्यावर त्या या कामाकडे वळल्या होत्या. रोज सकाळच्या गाडीनं यायच्या. कोणी "चालतंय ना, मग झालं" म्हटलं की म्हणायच्या, "चालतंय ते दिसतंच हो. कुठवर चालेल ते सांगा."

त्या वर्षी आमच्याकडे कालव्याचं काम आलं. कुठलं दार किती वेळ उघडलं म्हणजे पाणी टोकापर्यंत पोचेल, हे प्रोग्रामनं काढायचं. त्यात एकाच वेळी तीन कामं चालत, म्हणजे तीन थ्रेड. एक पडद्यावर नकाशा काढी, एक छपाई सांभाळी, तिसरा हिशेब करी. हिशेबात प्रत्येक दार आपल्या खालच्या दाराला विचारी, "तुला किती हवं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबून राही.

छोट्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या एका फाट्यावर, सगळं झकास चाललं. पूर्ण कालव्याची माहिती भरली आणि प्रोग्राम धाडकन बंद पडला. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. शेतांना पाणी सोडायची पाळी तोंडावर आली होती, आणि ती आमच्याच हिशेबानं सोडायची ठरली होती. मालक प्रकाशभाऊंचा चेहरा उतरला.

"ताई, टोकाची दारं तूर्त गाळून टाका. तिथं तसंही पाणी पोचत नाही."

ताईंनी चष्मा काढला. "भाऊ, पोचत नाही म्हणून तर हे काम काढलं ना?"

मग त्यांनी डोळे मिटले. हात टेबलावरून उचलला, छातीशी गेला, खांद्याशी, डोक्यावर. त्या खुर्चीतून उठल्या, टाचा उंचावल्या, तरी हात वरच.

"हा खाली येतच नाही," त्या म्हणाल्या. "शेवटचं दार उत्तर देईपर्यंत वरची सगळी ताटकळत उभी. त्यांना उभं राहायला जागा आहे का?"

अर्धवट कामं एकावर एक रचून ठेवायला प्रत्येक थ्रेडला मेमरीत स्वतंत्र जागा मिळते, तिला स्टॅक म्हणतात. थ्रेड तयार करतानाच ती किती हवी ते सांगता येतं. आम्ही सगळे तिथं डोळे झाकून शून्य लिहायचो. शून्य म्हणजे नेहमीची ठरलेली जागा.

"शून्य लिहिलं म्हणजे विचारच केला नाही," ताई म्हणाल्या. एका दाराला लागणारी जागा, गुणिले दारं, वर थोडी मोकळीक, असा आकडा त्यांनी काढला.

"तिघांनाही भरपूर देऊन टाकू की," मी म्हणालो.

"नकाशा काढणाऱ्याला कशाला? ज्याला खोल जायचंय, त्याला द्यायची."

एका शून्याच्या जागी तो आकडा आला. बाकी एक अक्षर बदललं नाही. पडद्यावर दारांची नावं उतरत उतरत टोकाला गेली आणि उत्तरं घेऊन वर आली. मी ताईंच्या हाताकडे बघत राहिलो. यंत्राच्या पोटात काय अडलंय ते या बाईंना त्या हातानं कळलं होतं!

ताई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पाळी सुटली तेव्हा त्या मला टोकाचं दार बघायला घेऊन गेल्या होत्या, तो दिवस मात्र लख्ख आठवतो. एरंडोलपर्यंत एसटी, पुढे पायी. चारीचा तळ भेगाळलेला. काठावर एक आबा बसले होते. इथं पाणी येत नाही, सगळं वरच जिरतं, असं अहिराणीत सांगू लागले.

"ताई, आठे पानी येत नही. बठ्ठं वरेच जिरी जास."

ताई त्यांच्याजवळ बसल्या. बऱ्याच वेळानं चारीतला पाचोळा हलला, सरकला, आणि त्यामागून गढूळ पाण्याची जीभ आली. आबा अनवाणीच दाराकडे धावले.

"उनं! पानी उनं!"

मीही त्यांच्यामागे धावलो. ताई मात्र पाण्याच्या पुढे, उताराकडे बघत होत्या.

"आबा, तुमच्या खाली आणखी कोणी आहे?"

"एक मळा शे. पन सरकारना नकाशामा नही."

ताई उठल्या, पदर खोचला. "चला," मला म्हणाल्या, "बघून येऊ."