यजमान देईल तोच पत्ता

माझ्या चुकीपायी ज्यांच्या हातून सर्व्हरच्या खोलीची चावी जायची वेळ आली, त्या गृहस्थांइतका हट्टी यजमान अख्ख्या पुण्यात दुसरा सापडणार नाही. ऑफिसात त्यांना सगळे यजमानच म्हणतात. आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये एका दणकट संगणकाच्या पोटात डझनभर आभासी संगणक चालतात. मोठा तो यजमान, पोटातले ते पाहुणे. नेटवर्कवरचा पत्ता यजमान संगणकानं द्यायचा आणि पाहुण्यानं सुरू होताना तो मुकाट घ्यायचा, ही व्यवस्था या गृहस्थांनीच बसवली. "पाहुणा स्वतः वाढून घ्यायला लागला की पंगत बिघडते," हे त्यांचं ठाम मत.

हे मत ते ऑफिसात ठेवून घरी जात नाहीत. मंडईत वांगी कधी निवडत नाहीत. बाई उचलून देतील ती घेतात. "अहो काका, किडकी निघाली तर शिव्या मलाच घालाल!" एक बाई वैतागली. "छे हो. दिलेलं खाणं हा पाहुण्याचा धर्म." विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरी आपण कुठल्या खुर्चीत बसायचं हे तेच ठरवतात. मी एकदा पंख्याखाली सरकलो, तर म्हणाले, "ती जागा आपल्याला दिलेली नाही." पण माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा माझं सगळं काम त्यांनी न सांगता उचललं. आभार मानायला गेलो तर चिडले. "पाहुण्याला मागावं लागलं तर तो यजमान कसला?"

आणि मी काय केलं? चाचणीसाठी एका आभासी संगणकात शिरून पत्ता हातानंच टाकला आणि विसरून गेलो. मोठ्या संगणकाला हे ठाऊकच नाही. त्यानं पुढे तोच पत्ता रिपोर्ट पाठवणाऱ्या संगणकाला दिला. एका पाटावर दोघे! सकाळभर पेशंटचे रिपोर्ट अडकले. चूक माझ्या ध्यानात आली, मी टाकलेला पत्ता गुपचूप पुसला, काम सुरू झालं. तोंड मात्र उघडलं नाही. मॅनेजरबाई यजमानांना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमची पद्धत आता पुरे. सोमवारपासून चावी दुसऱ्याकडे." त्यांनी वादही घातला नाही. "पंगतीत गोंधळ झाला की दोष यजमानाचाच," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

मला नेहमीची खिडकीजवळची जागा दिली. न विचारता डब्यातलं भरलं वांगं अर्धं करून माझ्या झाकणावर वाढलं. मी एक घास खाल्ला. मॅनेजरबाई पलीकडच्याच टेबलावर होत्या. मी उठलो.

"मॅडम, चावी यांच्याकडेच राहू द्या. तो पत्ता मी हातानं टाकला होता."

मग त्यांच्याकडे वळलो. ते झाकणाकडे बघत होते.

"यजमान, मी स्वतः वाढून घेतलं, आणि वर गप्प बसून तुमच्या हातचं खात राहिलो. मला माफ करा."