पाचवं नाव

माझा यंत्रमाग बिघडला की एकच ठरलेला मिस्त्री येतो. चालू मागावर तळहात ठेवून डोळे मिटतो आणि नेमका सैल बोल्ट सांगतो. मजुरीवरून माझ्याशी तासभर भांडतो.

एकदा कॉलेजची एक मुलगी सर्व्हेचा कागद घेऊन कामतघरच्या माझ्या कारखान्यात आली. "काका, तुम्हाला मुसलमान मित्र आहेत का?"

"आहेत तर! हा काय समोर उभाय."

मिस्त्री हसला. "लिखो बेटी. रोज झगडा करते हैं, मतलब दोस्त ही हैं."

तिने पुढचा प्रश्न वाचला, "जवळच्या पाच मित्रांची नावं सांगा."

चार नावं मी भराभर सांगितली. पाचवं त्याचं सांगायचं होतं, पण अकरा वर्षं मी त्याला नुसतं मिस्त्री म्हणत आलो होतो. मी मुलीवरच भडकलो, "असं विचारतात होय? पहिलं उत्तर लिहिलंस ना, तेवढं पुरे!"

"रहने दो, शेठ," तो म्हणाला.

मग तिने त्यालाही तेच विचारलं. त्याने पहिलं नाव माझं सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

आता माग बिघडला तरी मी दोन-दोन दिवस बंद ठेवतो. त्याला हाक मारायची धास्ती वाटते. नाव दुसऱ्या कुणाला विचारावं, तर कामतघरात ते तासाभरात त्याच्या कानावर जाईल.