उत्तर कुणाकडे जातं

माझा एक मित्र सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या डाईंग मिलमध्ये सुपरवायझर होता, मूळचा खानदेशातला. त्यानं एकदा ईमेलचं चुकीचं बटण दाबलं, असं आमच्या मराठी मंडळातले लोक अजूनही हसून सांगतात. ते खोटं आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरतेतल्या आम्हा मराठी घरांसाठी मी ईमेलची एक यादी चालवत असे. यादीच्या पत्त्यावर लिहिलं की पत्र सगळ्यांना जाई. उत्तर मात्र फक्त मूळ लिहिणाऱ्याकडे येई. लिहिणारा बहुधा मीच. सगळ्यांची उत्तरं एकट्यानं वाचून मी कंटाळलो होतो. गप्पा रंगाव्यात म्हणून एका दुपारी सेटिंग बदललं: यापुढे प्रत्येक उत्तर सगळ्यांना. कुणाला कळवलं नाही. मग विचारलं, "रविवारी चलथाणच्या बाजूला पोंक खायला कोण कोण येणार?"

"हुरड्याला पोंक म्हणायला लागलात? झालात पक्के सुरती!" पहिलं उत्तर आलं, सगळ्यांना गेलं. मी खूश.

दुसरं उत्तर मित्राचं होतं.

"भाऊ, आम्ही नाही येत. पोरीचं जमलेलं मोडलं. धुळ्याहून निरोप आला. तिला अजून सांगितलं नाही, परीक्षा होऊन जाऊ दे. कुणाजवळ बोलू नका."

गेलेलं पत्र परत ओढता येईना. आमच्यात जो तो भाऊच. त्यामुळे प्रत्येकाला वाटलं, हे आपल्यालाच लिहिलंय. धीराची उत्तरं येऊ लागली, आणि तीही सगळ्यांना जात राहिली. कॉलेजातली मुलं यादीत मीच घेतली होती. मित्राची मुलगीही.

संध्याकाळी ती माझ्या दारात उभी.

"काका, बाबांनी हे तुम्हाला लिहिलं होतं ना? मग मला कसं आलं?"

"अगं, बाबांनी चुकीचं बटण दाबलं असेल."

हे मीच बोललो, यावर माझा विश्वास बसेना.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना सांगून झालं," ती म्हणाली आणि वळली. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. बापाशी बोलणंही तिनं टाकलं.

उत्तर मूळ लिहिणाऱ्याकडेच जावं. ज्याला सगळ्यांशी बोलायचंय, त्यानं हवं तर एक बटण जास्त दाबावं. त्यानं गप्पा कमी झाल्या तर होऊ देत. हे मला म्हातारपणी सुचलेलं नाही. ती जिना उतरत होती तेव्हाच कळलं होतं. सेटिंग मी गुपचूप पूर्वीसारखं केलं.

काही दिवसांनी यादीवरच्या माझ्या एका पत्राला मित्राचं उत्तर आलं, फक्त मला.

"भाऊ, या वेळी बरोबर बटण दाबलं ना?"

"हो," मी लिहिलं.

दोन्ही वेळा त्यानं एकच बटण दाबलं होतं.