बाबांचा हिरवा

परळच्या प्रयोगशाळेत मी माणसाच्या डीएनएतले दुबार झालेले तुकडे अभ्यासते. माझ्याकडचा तुकडा रंग ओळखण्याचा. फार पूर्वीच्या आपल्या माकड-पूर्वजांत तिथे एकच जनुक होतं. कधीतरी त्याची नक्कल झाली, ती शेजारीच राहिली आणि हळूहळू बदलली. म्हणून आपल्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतात. पण दोन्ही प्रती इतक्या सारख्या, की पुढच्या पिढीत जाताना कधीकधी एक गळते.

एका रविवारी लालबागला माहेरी गेले, तेव्हा रंगांधळेपणा तपासायची, रंगीत ठिपक्यांत आकडे दडवलेली पानं पिशवीत होती. बाबांनी सहज एक उचललं. चाळीस वर्षं हिंदमाताला साडीच्या दुकानात काढून ते नुकतेच घरी बसले होते.

"वाचा बघू आकडा," मी म्हटलं.

"एकवीस."

पानावर चौऱ्याहत्तर होते. मला वाटलं, चेष्टा करतायत. दुसरं पान दिलं, तर म्हणाले, "ह्यात काहीच नाही."

"बाबा, तुम्हाला लाल-हिरवा..."

त्यांनी आईकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा आता तिला."

म्हणजे हिला माहीत होतं!

"पण बाबा, दुकानात कसं केलंत?"

"जागा पाठ. हिरव्या साड्या डावीकडे, खालच्या फळीवर. नवा माल आला की गिऱ्हाईकालाच विचारायचं, ताई, ह्या रंगाला तुम्ही काय म्हणता? बायका हौसेनं सांगतात."

माझ्या लग्नाचा शालू घेतानाही त्यांनी मला हेच विचारलं होतं. मी लाजून 'डाळिंबी' म्हटलं होतं.

"आम्हाला का नाही बोललात कधी?"

"पोरं बोलून जातात कुठेतरी. मालकाला कळलं असतं तर?"

मी पानं पिशवीत भरली. अशा बापाच्या प्रत्येक मुलीकडे हा दोष उतरतो, तिला स्वतःला रंग नीट दिसत असले तरी, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते. माकडांचे डीएनए वर्षानुवर्षं चाळले आणि समोर जेवायला बसणारा माणूस मला दिसला नाही.

पुढच्या आठवड्यात बाबा परळला आले, संमतीपत्र दोनदा वाचून सही केली आणि नमुना दिला. निकाल आल्यावर मीच फोन केला. हिरव्याची प्रत नव्हतीच.

"अजिबात नाही?" बाबांनी विचारलं. "मला वाटायचं, थोडा तरी दिसत असेल."